भात बंद, साखर बंद, तरी शुगर उतरत का नाही?

आधी तुमचा प्रश्न मला कसा कळला ते सांगते. तुमचे आण्णा ५६ वर्षांचे. बार्शीत किराणा दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक. वजन ७८ किलो, उंची पाच फूट सहा इंच. सहा महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हा एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा साधारण तीन महिन्यांचा अंदाज देणारी तपासणी, ९.१ होती. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या सुरू केल्या. घरच्यांनी भात, साखर, बटाटा, गोडधोड सगळं बंद करून त्यांना ज्वारीच्या भाकरीवर आणलं. तरी परवाच्या रिपोर्टात ८.४, आणि जेवणानंतरची साखर २३० ते २५०. आत्या म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, काका म्हणतात दर दोन तासांनी थोडं थोडं खा. तुम्ही विचारताय की एवढं पाळूनही शुगर उतरत का नाही, कुणाचं ऐकायचं, आणि गोळ्या कधीतरी सुटतील का. शिवाय जाता जाता, आंबा चालेल का हेही.

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आण्णांसारखी माणसं रोज समोर असतात, आणि त्यांच्या घरच्यांनी करून आणलेली 'बंद'ची यादी बहुतेक वेळा अशीच लांबलचक असते. त्या यादीकडे मी नंतर बघते. आधी विचारते, हे सगळं बंद केल्यावर ताटात उरलं काय आणि किती? तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

सकाळी बिनसाखरेचा चहा आणि चार मारी बिस्किटं. नऊला दुधातलं नाचणी सत्त्व. दुपारी दोन-अडीच भाकरी, पातळ आमटी, छोटी वाटीभर भाजी, शेंगाचटणी. संध्याकाळी चहा आणि बशीभर चुरमुरे. रात्री साडेनऊला दुकान बंद करून आल्यावर दोन भाकरी आणि पिठलं.

आता हिशेब करू. आपल्याकडे हातावर थापलेल्या एका भाकरीला सहज ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पचून साखर होणारा भाग, असतो, म्हणजे एका भाकरीत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम झाली. गव्हाचा छोटा फुलका २५ ग्रॅम पिठाचा असतो, त्यात सोळाच्या आसपास. म्हणजे आमच्या भागातली एक भाकरी जवळजवळ पावणेतीन फुलक्यांएवढी. आण्णांच्या दुपारच्या अडीच भाकरींत शंभर-एकशेदहा ग्रॅम, त्यात आमटीचे थोडे. चार बिस्किटांचे वीस, सत्त्व-दुधाचे पंचवीस-तीस, चुरमुऱ्यांचे वीस-पंचवीस, रात्रीच्या जेवणाचे पुन्हा शंभरच्या घरात. दिवसाची बेरीज पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम होते. दोन चहांतली साखर बंद करून त्यांनी यातले वीसेक ग्रॅम वाचवले होते.

मधुमेह आहे का हे पाहायला लॅबमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. पाण्यातलं ग्लुकोज आणि भाकरी सारखी नाही, भाकरी सावकाश पचते, त्यात कोंडा आहे. पण एका बैठकीत १२० ग्रॅम कर्बोदकं म्हणजे प्रमाण काय आहे हे त्यावरून लक्षात येईल. 'ज्वारी शुगरला चांगली' हे खरं आहे. पांढऱ्या भातापेक्षा तिच्यात चोथा बराच जास्त, पॉलिश केलेल्या तांदळात तीन टक्क्यांच्या आत आणि ज्वारीत दहाच्या आसपास. त्या वाक्यातला 'चांगली' हा शब्द ऐकून माणूस दीडच्या जागी अडीच भाकरी खातो, तिथे सगळं फसतं. कडक भाकरीचंही तेच. पातळ, हलकी, चटणी-दह्याबरोबर तीन-चार कधी संपल्या कळतही नाही.

घरी एकदाच एक काम करा. पाणी घालून मळायच्या आधी एका भाकरीचं कोरडं पीठ काट्यावर ठेवा. आईंचा हात कितीचा आहे हे कळलं की पुढे रोज मोजायची गरज नाही. दुकानात काटा आहेच.

दुसरं तुम्ही लिहिलंय की रात्री कमी जेवले तरी सकाळची उपाशीपोटीची साखर १६०-१७० येते, आणि आण्णा वैतागतात की रात्रभर तोंडात काही घातलं नाही तर ही आली कुठून. ती यकृतातून येते. आण्णांना त्यांच्याच भाषेत सांगा. यकृत हे साखरेचं गोदाम आहे. जेवण झालं की माल आत घ्यायचा आणि रात्री, उपासाच्या वेळी, थोडा थोडा बाहेर सोडायचा. कधी थांबायचं याची चिठ्ठी इन्सुलिन घेऊन येतं. टाइप दोनच्या मधुमेहात, विशेषतः पोटावर आणि यकृतात चरबी साठलेली असेल तर, गोदाम ती चिठ्ठी नीट वाचत नाही आणि रात्रभर माल सोडत राहतं. पहाटे शरीराला उठवणारी संप्रेरकं वाढतात, त्यांचीही भर पडते. म्हणून सकाळचा आकडा हा आदल्या रात्रीच्या जेवणाचा निकाल समजू नका. रात्री उशिराच्या भरपेट जेवणाचा त्यात वाटा असतो, पण मुख्य इलाज यकृतातली चरबी उतरवणं, म्हणजे वजन आणि कंबर कमी करणं हा आहे. मेटफॉर्मिनचं मोठं कामही यकृतावरच चालतं.

इथे बरेच जण मला म्हणतात, 'आमचे वडील काही जाड नाहीत.' आण्णांचं वजन उंचीच्या मानाने जास्तच आहे. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २७.८ येतो आणि आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर स्थूलपणा धरतात. पण सडपातळ दिसणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं असा बांधा घरोघरी दिसतो, त्यामागे हेच आहे. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही वापरा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत असावी. आण्णांची मोजली नसेल तर आज मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

मग ताट कसं असावं? दुपारचं बदलू, तिथे फरक सर्वांत लवकर दिसतो. भाकरी एक, फार तर सव्वा. भाजी आत्ताच्या दुप्पट: मेथी, चाकवत, घेवडा, दोडका, वांगं, कोबी, जे बाजारात असेल ते. पातळ आमटीऐवजी मटकी, हुलगा, हरभरा किंवा मुगाची घट्ट उसळ, चांगली मोठी वाटीभर. काकडी, मुळा किंवा गाजराची कोशिंबीर. वाटीभर दही किंवा ताक. अंडी, मासे, चिकन चालत असेल तर उत्तमच, फक्त रश्श्यावरचा तवंग बाजूला करा. तेल घरात माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत बसवा. शेंगाचटणी बंद करू नका, ती बंद करायला सांगून सोलापुरात माझं कोण ऐकणार? चमचा-दोन चमचे शेंगाचटणीने साखर फारशी वाढत नाही, शेंगदाण्यात प्रथिनं आहेत. पण त्यात उष्मांक भरपूर आहेत आणि वजन उतरवायचंय, म्हणून वाटीने नाही.

भाकरी कमी केली की आण्णा म्हणणार, 'पोट भरत नाही.' ही तक्रार खरी असते, तिला हसू नका. पोट भरल्याची भावना प्रथिनांनी आणि चोथ्याने टिकते, आणि आत्ताच्या ताटात दोन्ही कमी आहे. उसळ-भाजी न वाढवता नुसती भाकरी काढून घेतली तर चार दिवसांत माणूस परत अडीचवर येतो, आणि मधल्या वेळात दुकानातलं फरसाण खातो ते वेगळंच. किराणा दुकानदाराच्या हाताशी दिवसभर काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. गल्ल्याजवळ फुटाण्यांचा डबा ठेवा, बिस्किटांचा उचला.

खाण्याचा क्रमही बदलून पाहा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, भाकरी शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली तर नंतरची साखरेची उसळी कमी राहते, असं लहान लहान अभ्यासांत दिसलं आहे. माझ्याकडच्या अनेकांच्या मीटरवरही दिसतं. आपल्याला भाकरी-भाजी एकत्र खायची सवय असल्याने पूर्ण वेगळं खाणं जमत नाही, पण निम्मी भाजी आधी नुसती संपवणं सगळ्यांना जमतं. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शतपावली म्हणतात तीच, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. दुपारी दुकान सोडता येत नसेल तर निदान लगेच आडवं होऊ नका.

रात्रीचं जेवण ही तुमच्या घरची खरी अडचण दिसते. साडेनऊला जेवून दहाला झोप. साडेसातच्या सुमाराला दुकानात डबा पाठवता येईल का? नसेलच जमत, तर संध्याकाळच्या चुरमुऱ्यांच्या जागी सात वाजता उसळ किंवा दोन उकडलेली अंडी आणि काकडी, आणि घरी आल्यावर फक्त एक भाकरी-भाजी. यातलं कुठलं जमेल ते दुकानाच्या गर्दीवर आहे, मी इथे बसून ठरवू शकत नाही.

भात आयुष्यभरासाठी बंद करायची मला गरज वाटत नाही. शिजलेल्या लहान वाटीभर भातात तीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. तो खायचा असेल त्या दिवशी तेवढ्या हिशेबाची भाकरी कमी करायची आणि त्यावर घट्ट वरण, भाजी घ्यायची. अमुक पूर्ण बंद म्हटलं की लग्नाकार्यात तेच तिप्पट खाल्लं जातं, हे मी फार वेळा पाहिलंय.

इतकं सांगून झाल्यावर मी माणसांच्या हातात ग्लुकोमीटर देते, कारण दोन माणसांचं शरीर एकाच भाकरीला सारखं उत्तर देत नाही. रोज बोट टोचायची गरज नाही, पट्ट्या महाग असतात. एक आठवडा दुपारचं जेवण निवडा. पहिल्या घासाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा तपासा, शेजारी काय खाल्लं ते लिहा. पुढच्या आठवड्यात रात्रीचं. हात धुऊन, पुसून मगच टोचा, फळ चिरलेल्या हाताने घेतलेली तपासणी खोटी वर दाखवते. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट धरतात. जेवणाआधीचा आणि नंतरचा फरक साठ-सत्तरच्या वर जात असेल तर त्या ताटात पीठ जास्त आहे असं समजा. अडीच भाकरींचा एक दिवस आणि एका भाकरीचा एक दिवस, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले आण्णांनी स्वतः पाहिले की मला किंवा तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. व्यापारी माणसाला वही पटते.

आता आत्या आणि काका. दोन वेळा जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे महाराष्ट्रात घराघरांत पोचली. मूळ मांडणी ते डॉ. श्रीकांत जिचकारांची सांगतात. दर दोन तासांनी खाण्याचा सल्लाही तितकाच लोकप्रिय होता. माझ्या अनुभवात दोन वेळच्या जेवणाने ज्यांना फायदा होतो, त्यांची मधल्या वेळची बिस्किटं, चहा, फरसाण, प्रसाद हे सगळं एका फटक्यात बंद झालेलं असतं आणि दिवसाचं एकूण खाणं कमी होऊन वजन उतरतं. नियम सोपा असल्यामुळे तो पाळला जातो, हा त्याचा मोठा गुण. पण त्या दोन जेवणांत चार-चार भाकरी गेल्या तर मीटर ते दाखवतोच. काकांच्या पद्धतीत मात्र आण्णांसारख्या, दिवसभर मालाशेजारी बसणाऱ्या माणसाला सहा वेळा खायचं निमित्त मिळतं. मला विचाराल तर आण्णांसाठी तीन नेमकी जेवणं आणि मध्ये काही नाही, लागलंच तर फुटाणे किंवा ताक.

दोन वेळचं करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करू नका. कारण आहे ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती पाहत नाही. गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखं होणं. असं झालं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं आणि गरज पडली तर पुन्हा द्यायची. बिस्किट, चॉकलेट त्या वेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. हेच भाकरी कमी करण्यालाही लागू आहे. आहार सुधारला की आधीची मात्रा जड पडू लागते आणि ती कमी करावी लागते. ही चांगली खूण आहे, पण मात्रा डॉक्टरांनी कमी करायची, आपण घरी अर्धी गोळी तोडायची नाही. आणखी एक. पुढे कधी डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी सुरू झाली तर लांब उपास आणि अगदी कमी कर्बोदकांचा आहार टाळा. त्यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात धोकादायक आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर दवाखान्यात गेल्यावर या गोळीचं नाव आधी सांगा.

गुरुवार आणि एकादशीबद्दल तुम्ही दबकत विचारलंय, म्हणून स्पष्टच लिहिते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत पासष्टेक ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा. शेंगदाण्याचं कूट आणि तूप आहे म्हणून ती थोडी सावकाश चढते, पण चढते आणि टिकते. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, विशेषतः पंढरपूरच्या एवढ्या जवळ राहून. त्याऐवजी लहान वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची एक छोटी भाकरी, काकडीची कोशिंबीर, दही, ताक, मूठभर दाणे. चालणार नाही ते निर्जळी किंवा दिवसभर काही न खाता ग्लिमेपिराइड घेणं. वारीला पायी जाणाऱ्यांत तर दुहेरी धोका असतो. रोज मैलोन्‌मैल चालणं, जेवणाची वेळ अनिश्चित, आणि सकाळची गोळी मात्र नेमाने. आण्णा आषाढीला चालणार असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांकडून त्या दिवसांची मात्रा लिहून घ्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

थोडं बाकीचं, भराभर. नाचणी पौष्टिक आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम आहे, पण सत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, गाळलेलं पिष्ट. ते पातळ शिजवून प्यायलं की साखर झपाट्याने चढते. आण्णांच्या न्याहारीसाठी मूग डाळीचं धिरडं किंवा दोन अंडी आणि एक फुलका बरा. गूळ, मध, खजूर हे साखरेचेच भाऊबंद, गुळातला बहुतांश भाग तीच साखर असतो. 'शुगर फ्री' बिस्किटांत मैदा असतोच. मेथ्यांनी थोडा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसतं, चमचाभर भिजवून खायला हरकत नाही. कारल्याची भाजी आवडत असेल तर खा, पण रसाच्या भरवशावर गोळी थांबवू नका. आणि दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तिथल्या तिथे थुंका, तो विषारी असू शकतो आणि त्याने माणसं दगावली आहेत.

गोळ्या सुटतील का? काहींच्या सुटतात. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये झालेल्या 'डायरेक्ट' या अभ्यासाचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले. सहा वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या, इन्सुलिन सुरू नसलेल्या जादा वजनाच्या लोकांना देखरेखीखाली तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० उष्मांकांचाच आहार दिला, मग हळूहळू नेहमीचं अन्न. वर्षाने त्यातले ४६ टक्के लोक बिनगोळ्यांचे मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी एकूण आकडा ३६ वर आला, कारण वजन परत चढतं तशी साखरही परतते. म्हणून मी 'मधुमेह बरा झाला' असं कधी म्हणत नाही. गोळ्या थांबवून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला माघार म्हणतात, आणि त्यानंतरही दरवर्षी तपासणी करायचीच. ८५० उष्मांकांचा प्रयोग घरी करू नका. आण्णांचं निदान नवं आहे, वजन उतरायला जागा आहे, म्हणजे त्यांची बाजू चांगली आहे. पहिल्या सहा महिन्यांत सहा-सात किलो उतरले तरी आकड्यांत मोठा फरक पडेल, गोळ्या सुटोत वा न सुटोत. नाही सुटल्या तर त्यात आण्णांचा दोष नाही. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी किती उरल्यात हे आपल्या हातात नसतं.

हे सगळं मी आण्णांचं वय, वजन आणि निदान धरून लिहिलंय. शेजारच्या आजींना हाच तक्ता देऊ नका. कुणाचं वजन आपोआप झरझर उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर त्यांना कमी खायला नाही, लवकर डॉक्टरांकडे जायला सांगा, कदाचित इन्सुलिन लागेल. मूत्रपिंडाला इजा झालेली असेल तर उसळी-डाळींचं प्रमाण वेगळं ठरतं, म्हणून आण्णांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन झालं नसेल तर पुढच्या खेपेला करून घ्या. मेटफॉर्मिन पुढे वर्षानुवर्षं चाललं, आणि घर शाकाहारी असेल, तर मधूनमधून बी-१२ ही तपासा. आणि तुम्ही स्वतः? वडिलांना मधुमेह, बसून काम, मग तिशी उलटली असेल तर तुमचीही उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी एकदा होऊ द्या. उपाशीपोटी १०० ते १२५ निघाली तर तो टप्पा मधुमेहाच्या आधीचा आहे, आणि आहार-चालण्याचा सगळ्यात जास्त उपयोग तिथेच होतो.

राहिला आंबा. शंभर ग्रॅम गरात पंधराएक ग्रॅम साखर असते, म्हणजे मध्यम आंब्याचा अर्धा भाग एका छोट्या फुलक्याएवढा. आमरस नको, कारण वाटीत दोन-तीन आंबे बसतात आणि बरोबर पुरी येते. आंबा कापून, फोडीने, अर्धाच. ज्या जेवणाबरोबर खाल त्यातली अर्धी भाकरी कमी. आणि जेवणानंतर चालणं. घरच्या झाडाचे आहेत म्हणताय, तर दुसरा अर्धा कुणी खायचा हे कापायच्या आधी ठरवा, नाहीतर तो गल्ल्यावर जातो. पुढचं एचबीए१सी तीन महिन्यांनी करायचंच आहे, मोसमात किती आंबे झाले ते त्यात येईलच.